डाव्या पायाची जागा

येळवशीच्या, म्हणजे रानात पूजा करून जेवायच्या वेळ अमावस्येच्या, सकाळी आठच्या सुमारास मामा हातात चावी घेऊन अंगणात आले. पिकअप मी आदल्या रात्रीच लातूरहून आणून गोठ्याच्या भिंतीला लावली होती. काचेवर दव होतं. हौद्यात आंबिलीची बिंदगी कडब्याच्या पेंढ्यांमध्ये घट्ट बसवलेली, शेजारी भज्जीचं पातेलं फडक्याने बांधलेलं, उंड्यांची दुरडी, आणि उरलेल्या जागेत लेकरं. मामांनी सवयीने उजवीकडचं दार उघडलं, काठी आधी आत सरकवली, स्टिअरिंगला धरून अंग वर ओढायला घेतलं आणि खाली बघितलं. तिथं तीन पेडल होते. मामा तसेच थांबले, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा डाव्या मांडीवर. मग काठी परत बाहेर काढली, दार हळूच लोटलं, बॉनेटला हात टेकवत गाडीला वळसा घातला आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. चावी माझ्यापुढे केली. "चल बाई, उशीर होऊलालाय."

ते दार हळू लोटलं तर लागत नाही. हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. चार वर्षं ते दार त्यांनीच आपटलं होतं.

बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामी हौद्यातल्या लेकरांना ओरडत होत्या, गडी पुढे सायकलवर निघाला होता. मी आत बसले, दार ओढून जोरात लावलं, क्लच दाबला, पहिला टाकला. गाडी इतकी अलगद हलली की बिंदगीतली आंबील डचमळलीसुद्धा नसेल. आदल्या रात्री हेच मला केवढं कौतुकाचं वाटलं होतं! त्या क्लचसाठी मी दीड महिना गॅरेजच्या चकरा मारल्या होत्या. पण त्या सकाळपासून तो क्लच दाबला की मला मामांचा मांडीवर ठेवलेला हात दिसतो. आज इतके दिवस झाले, दिसायचा थांबत नाही.

मामांचा जन्म सत्तरचा. बहात्तरच्या दुष्काळात ते दोन वर्षांचे. आजी खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडी मिळायची, लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, ही सगळी वर्णनं आमच्या घरात इतक्यांदा झाली आहेत की मला ती आपणच बघितल्यासारखी वाटतात. त्यातच लेकराला ताप आला. तीन दिवसांचा ताप. उतरला तेव्हा डावा पाय उचलेना. आजी शेवटपर्यंत "तापात पाय गेला" असंच म्हणायची. पोलिओ हा शब्द घरात आला तो फार उशिरा, पंच्याण्णवनंतर, शाळेत रविवारी डोस पाजायला लागले तेव्हा. त्या रविवारी मामा काठी टेकत दारोदार फिरायचे. कुणी आई लेकराला घेऊन निघायला कुरकुरली की काही न बोलता पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायचे. २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, ते पेपरातलं कात्रण त्यांच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवलेलं आहे. त्यांचं चालणं असं की डावं पाऊल टाकताना डावा हात मांडीवर दाबायचा, म्हणजे गुडघा दुमडत नाही. त्यामुळे त्यांचा प्रत्येक पायजमा डाव्या मांडीवर आधी विरतो. मामी तिथे आतून ठिगळ लावून देतात, नव्या पायजम्यालाही, अगोदरच.

आणि मला गाडी शिकवली ती याच मामांनी.

थोरल्या मामांची जुनी जीप होती. ज्वारी निघाल्यावर उन्हाळ्यात मोकळं रान पडलं की मला त्या जीपवर बसवायचे आणि स्वतः डावीकडे बसायचे. त्यांनी आयुष्यात एकदाही पायाने क्लच दाबलेला नव्हता. त्यांच्याकडे स्कूटर होती, मागे दोन जादा चाकं लावलेली चेतक. तिचा क्लच हातात आणि गिअरही हातातच, डावी मूठ फिरवून टाकायचे. तेव्हा क्लच म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते बोटांना. बाकीचं सगळं कानांनी शिकलेलं. लहानपणी पायाला आधार देणारा कॅलिपर बसवायला, सैल झाला की आवळायला, महिन्या-दोन महिन्यांनी आजी त्यांना एसटीने लातूरला न्यायची आणि ते हट्टाने ड्रायव्हरच्या जाळीमागच्या पहिल्या बाकावर बसायचे. तिथून ती लांब दांडी दिसायची, मुठीवर घामाने काळी झालेली. चढ आला की ड्रायव्हर क्लच दाबून दांडी मध्ये आणायचा, सोडायचा, मध्ये थोडा रेस द्यायचा, परत दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. त्या दोनदा दाबण्याच्या मधल्या क्षणी गाडी कशालाच बांधलेली नसते, नुसती जात असते. तो क्षण मला लई आवडायचा, असं मामांनी एकदा सांगितलं होतं. रानात मी गिअर चुकले की ते खाली बघायचे नाहीत. डोळे मिटूनच बसायचे. "इंजन रडूलालंय. खालचा टाक." कधी "आता हसूलालंय, राहू दे." जीपच्या तापलेल्या पत्र्याचा वास, पायाखाली ढेकळं फुटल्याचे हादरे, आणि शेजारी डोळे मिटलेला माणूस. मी गाडी शिकले ती अशी. आजही आरपीएमच्या काट्याकडे माझं लक्ष जात नाही.

ऑटोमॅटिक पिकअप २०२१मध्ये आली. जुनीच, पुण्याच्या एका गृहस्थाकडून घेतलेली. मामा एक्कावन्न वर्षांचे होते. परवाना काढताना आरटीओच्या मैदानावर त्यांनी गाडी चालवून दाखवली तेव्हा मी कुंपणापाशी उभी होते. मला आठवतंय ते गाडीचं फिरणं नाही, बसणं आठवतंय. सीटवर बसल्यावर मामांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि पेडलच्या डावीकडे, गाडीच्या त्या रिकाम्या कोपऱ्यात नीट ठेवून दिला. झोपलेलं लेकरू कडेला सरकवून ठेवावं तसा. पन्नास वर्षं जो पाय सगळीकडे आडवा आला होता, त्याच्यासाठी त्या गाडीत एक जागाच होती आणि तिथे त्याला काहीच काम नव्हतं. त्यानंतर मामा लातूरच्या मोंढ्यात स्वतः माल घेऊन जायला लागले. आडत्याच्या दारात गाडी उलटी लावताना हमाल बाजूला होऊन बघायचे. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात; कुठल्या रस्त्याने आत गेलं तर कुठे अडकायला होतं, हे मामांना सहा महिन्यांत माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. मामींना घेऊन तुळजापूरला गेले. परत आले तेव्हा मामी कितीतरी दिवस सांगत होत्या, "वाटंत मी म्हणलं थांबा, तर थांबले." आयुष्यभर कुणाच्या तरी गाडीत मागे बसलेल्या बाईला याचं केवढं वाटत असेल.

मला मात्र ती गाडी मनातून कधी आवडली नाही. कुणाला बोलले नाही, पण आवडली नाही. तिच्यात इंजिन आणि चाकं थेट जोडलेली नसतात. मध्ये तेलाने भरलेला एक डबा असतो, त्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, तो तेल ढकलतो, त्या तेलाच्या धक्क्याने दुसरा फिरतो. म्हणून तर ब्रेक सोडला की ती आपोआप सरकायला लागते आणि सिग्नलला उभी केली तरी बंद पडत नाही. पुढे गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबावरच आतल्या चकत्या धरल्या जातात आणि सोडल्या जातात. कधी धरायचं, कधी सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी आधी विचार करते, मग निघते. रिकाम्या डाव्या पायाने मी उगाच जमीन चाचपत राहायचे. गाडी माझं ऐकत नाही, असं वाटायचं. ती ज्याचं ऐकत होती तो माणूस शेजारी बसलेला असायचा, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग गेल्या वर्षीचा, २०२५चा सप्टेंबर. आमचा हा जिल्हा २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलाय. त्याच जिल्ह्यात सोयाबीन काढणीला आलेलं असताना पावसाने झोड उठवली. धाराशिव, बीड, लातूर, सगळीकडे जनावरं वाहून गेल्याच्या बातम्या. मामांचं रान तेरणेकडच्या अंगाला, मध्ये एक ओढा. रात्री दोन वाजता गड्याने दार वाजवलं की ओढा फुगलाय आणि जनावरं दावणीलाच आहेत. मामांनी गड्याला शेजारी बसवलं आणि निघाले. फरशी पुलावर पाणी बंपरला लागत होतं. मामांनी गाडी पलीकडे काढली, रानात नेऊन दिवे गोठ्याच्या दिशेने लावले, आणि त्या उजेडात गड्याने विळ्याने दावी कापली. दोन बैल, एक म्हैस, तीन वासरं. परत येताना पाणी आणखी चढलेलं होतं. त्या रात्री तिथे दुसरं कुणी गाडी घेऊन गेलं नसतं, जाऊ शकलं नसतं असं नाही, पण वेळेत गेलं नसतं.

दोन-तीन दिवस गाडी बरी चालली. मग ड्राइव्हला टाकली की नुसतंच इंजिन ओरडायचं. लातूरला एमआयडीसीत एक उस्ताद आहेत, तिथे ओढून नेली. त्यांनी खालचा बोल्ट सैल केला आणि तसराळ्यात जे पडलं ते मी विसरणार नाही. ते तेल लालभडक असतं. पडलं ते दुधात गुलाबाचं सरबत ढवळल्यासारखं, फिकट गुलाबी, फेसाळ. गिअरबॉक्सला हवेसाठी वरच्या बाजूला एक बारीक नळी असते. चालून चालून तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बसला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून जे मिळेल ते ओढून घेते. हवा मिळाली तर हवा, ओढ्याचं पाणी मिळालं तर पाणी. आतल्या चकत्यांवरचं अस्तर कागदासारखं असतं, डिंकाने चिकटवलेलं. पाण्याने ते फुगतं आणि सुटतं. उस्तादांनी बोटावर ते तेल चोळलं, त्यात काळे कण होते. "ताई, हा डबा आता उघडून उपयोग नाही. सगळं आतलं सामान नवीन लागणार. पुण्याला पाठवा."

पुण्याचा आकडा सव्वादोन लाखांचा निघाला. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण डागी, ओल्या मालाला बाजारात त्याच्या आसपासही कुणी जात नव्हतं. मामा असल्या गोष्टी रुपयांत मोजत नाहीत. बोटांवर हिशोब करून म्हणाले, "साठ क्विंटल." बारा एकरांत निघालेलं सगळं मिळून पस्तीस होतं. गाडी दीड महिना गॅरेजच्या आवारात उभी राहिली, टायरखाली गवत उगवलं. आणि मग 'मॅन्युअल टाकू या' हे शब्द पहिल्यांदा मी काढले. उस्तादांनी नाही, मामांच्या पोरांनीही नाही. याच गाडीचं मॅन्युअल मॉडेल निघालेलं होतं, इंजिन तेच, तेव्हा त्याचा गिअरबॉक्स बसणार हे मला माहीत होतं. अपघातातल्या गाड्यांचे निघतात, निम्म्या पैशांत काम होईल, पुढे बिघडला तर कुठल्याही गावात दुरुस्त होईल. हे सगळं खरं होतं. मी ते मामांना फोनवर पटापट सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालंल ना पण?"

"चालेल की मामा. आधीपेक्षा भारी."

"मग टाका."

त्या 'टाका'चा मी होकार धरला. तो होकारच होता, मी आजही तो दुसरा काही होता असं म्हणणार नाही. रब्बीची पेरणी तोंडावर होती, खत-बियाणं भाड्याच्या गाडीने आणावं लागत होतं, हौदा हलणं सगळ्यात गरजेचं होतं. पण गाडी चालेल का, असं मामांनी विचारलं होतं. कोण चालवेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मला बहुधा ते ठाऊकच होतं, म्हणून मी पटापट बोलत होते.

त्यानंतरचा दीड महिना मी खरोखर आनंदात काढला, हेही सांगायला हवं. ऑफिस सुटलं की गॅरेजवर. हैदराबादच्या भंगार बाजारातून गिअरबॉक्स आला, गोणपाटात गुंडाळलेला, तेलकट, पाच गिअरचा. उस्तादांनी त्याचं तोंड उघडून दात बोटाने एकेक तपासले, बैलाचे बघतात तसे. जुना ऑटोमॅटिक उतरवताना चार माणसं लागली. तो निघाल्यावर इंजिनच्या मागे जी थाळी दिसली ती तव्याएवढी पातळ. तिच्या जागी आता फ्लायव्हील बसणार, ते जात्याच्या तळीसारखं जड. उस्ताद म्हणाले, जुने बोल्ट वापरायचे नाहीत, ते पातळ थाळीचे आहेत, आखूड पडतात. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला पायलट बेअरिंगचं भोक आहे की नाही याची त्यांना धास्ती होती, ऑटोमॅटिकच्या क्रँकला कधी कधी ते पाडलेलंच नसतं. बॅटरीच्या उजेडात त्यांनी आत बोट घातलं आणि हसले. भोक होतं. मग नवीन बेअरिंग, लेथवर फ्लायव्हीलचा तोंडवळा साफ, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट. प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून जुन्या शाफ्टचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवलेला आहे, तो घालून मध्य धरायचा आणि मग बोल्ट आवळायचे, समोरासमोरचे, थोडे थोडे. गिअरबॉक्सची लांबी चार बोटं वेगळी निघाली, म्हणून खालची आडवी पट्टी सरकवून नवी भोकं पाडली आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून, जोडून, सोलापूरला बॅलन्स करून आणला. नाहीतर साठच्या पुढे गाडी थरथरते.

रेडिएटरला जाणाऱ्या तेलाच्या दोन नळ्या बंद केल्या. आणि एक दिवस सगळं बसलं, चावी फिरवली, तर गाडी चालूच होईना. ऑटोमॅटिकमध्ये दांडी पार्क किंवा न्यूट्रलला असेल तरच स्टार्टरला करंट जातो. तो निरोप देणारं स्विच जुन्या गिअरबॉक्सबरोबर निघून गेलं होतं. गाडी बिचारी अजून वाट बघत होती की कुणीतरी सांगेल, पार्कमध्ये आहोत. वायरिंगवाल्या पोराने ते क्लचच्या स्विचला जोडलं. तरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा राहिलाच, इंजिनचा कॉम्प्युटर हरवलेल्या गिअरबॉक्सला शोधत होता. शेवटी मॅन्युअल गाडीचाच कॉम्प्युटर तिच्या चावीसकट आणून बसवला तेव्हा तो विझला.

यातली एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या मनात रुतायला हवी होती. क्लच पेडल बसवायच्या दिवशी उस्तादांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. डावीकडे, वरच्या पत्र्यावर, दोन बोल्टनी बसवलेली एक छोटी पट्टी होती. ती काढली तर मागे गोल भोक, अगदी क्लचच्या सिलिंडरच्या मापाचं, आणि पेडल लटकवायची जागाही तयार. कारखान्यात पत्रा एकच, दोन्ही मॉडेलना चालणारा. उस्ताद खूश झाले, कापाकापी वाचली. मी खाली वाकून फोटो काढला आणि मामांनाच पाठवला! खाली लिहिलं, 'बघा, जागा आधीपासूनच होती.' त्या फोटोत पेडल नेमका जिथे लटकणार होता, तिथे रबराच्या चटईवर एक गुळगुळीत झालेला डाग होता. मामांच्या डाव्या टाचेचा. चार वर्षं तिथे एक पाय स्वस्थ झोपला होता. फोटोवर मामांचं उत्तर आलं, हात जोडलेलं चिन्ह. ते सगळ्यालाच तेच पाठवतात.

आदल्या रात्री मी ती गाडी लातूरहून एकटीने नेली तेव्हाचं सुख अजून हाताला आहे. औशापर्यंतचा मोठा रस्ता, मग आतला. डिसेंबरची थंडी, काच थोडी उघडी, हरभऱ्याचा आंबट वास, कुठेतरी उसाला पाणी सुरू असल्याचा ओलावा. तिसऱ्यातून चौथ्यात दांडी पडताना तळहाताला एक बारीक 'टक्' जाणवायची. गाडी पुन्हा ऐकायला लागली होती. मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "आता हसूलालीस." आणि मामांना कधी ऐकवीन असं झालं.

येळवशीनंतर आठवड्याने पहिल्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा मी उस्तादांना मामांच्या पायाचं सांगितलं. दीड महिन्यात एकदाही सांगितलं नव्हतं. ते पाना हातात घेऊन तसेच बसले. "हौ ताई, हे पहिले बोलना था ना," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलने एक आकृती काढली: स्टिअरिंगखाली एक लिव्हर, त्याला केबल, ती पेडल ओढणार. हाताचा क्लच. एक लिव्हर, एक केबल. असा बदल करून आरटीओकडून परवानगी घेता येते. कायद्यात २०१९च्या दुरुस्तीपासून अशा गाडीला अनुकूलित वाहन म्हणतात. पण मामांनी पुठ्ठा खूप वेळ निरखला आणि विचारलं की डावा हात क्लचला अडकला तर गिअर कोणत्या हाताने टाकायचा, आणि दोन्ही हात तिकडे गेले तर स्टिअरिंग कुणी धरायचं. उस्ताद म्हणतात, क्लचची कळ थेट गिअरच्या मुठीवर आणता येईल, थोडा विचार करू द्या. पुठ्ठा डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. मामा तो मधूनमधून काढून बघतात. "चेतकचा असाच होता की," म्हणतात.

येळवशीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पांडवांची पूजा झाली होती, कोपीपाशी पंगती झाल्या, आंबील पिऊन सगळ्यांचे डोळे जड झालेले. दिवसभर मामा नेहमीसारखेच होते, आल्यागेल्याला आग्रह करत होते, लेकरांना झोका बांधून देत होते. फक्त गाडीकडे गेले नाहीत. दिवस मावळताना आम्ही परत निघालो. हौद्यात पुन्हा लेकरं, पुढे आम्ही दोघं. पांदीच्या वाटेला पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होते. एका जागी उजवं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली, मागे लेकरं किंचाळली, मला स्टिअरिंग सोडवेना आणि इंजिन धपधपायला लागलं. "रडूलालंय," मामा म्हणाले. डोळे मिटलेले होते. मी म्हणाले, "मामा, हात नाही सोडता येत." आणि क्लच दाबला.

त्यांचा उजवा हात दांडीवर आला. जराही न चाचपता त्यांनी दुसऱ्यातून पहिल्यात टाकला. आवाज झाला नाही. मी क्लच सोडला, गाडी खड्ड्यातून वर आली.

मी काही बोलले नाही, त्यांनीही हात उचलला नाही. पुढे वाट जरा सरळ झाली तसा मी न सांगता क्लच दाबला, त्यांनी दुसरा टाकला. मग ओढ्याचा उतार, परत पहिला. त्या फरशी पुलावर आता घोटाभर पाणी होतं, स्वच्छ, खालचे गोटे दिसत होते. पलीकडचा चढ. सुरुवातीला आमची दोघांची थोडी चुकामूक व्हायची, माझा पाय आधी किंवा त्यांचा हात आधी, दात एकदा करकरलेही. मग जमलं. माझा पाय कधी खाली जाणार ते त्यांना कशावरून कळत होतं कोण जाणे. मला त्यांच्या मनगटावरून कळत होतं, गिअर बदलायच्या आधी ते जरासं उचललं जायचं. मागे लेकरं गाणी म्हणत होती. मामांचा डावा हात दाराच्या वरच्या दांडीला होता. मांडीवर नव्हता.

पांद संपून डांबरी लागली. इथे आता हे थांबवायला हवं, रस्त्यावर गाड्या असतात, असं मनात येत होतं. समोर रस्ता पार फाट्यापर्यंत मोकळा होता. इंजिनचा आवाज चढत गेला, तिसरा आता पुरे झाला असं मला वाटलं आणि मी क्लचवर पाय नेला.

"टाकू या का मामा, चौथा?"

"अजून न्हाई," मामा डोळे न उघडता म्हणाले. "ऐक."